लागलं का?

परवा ओपीडीत काय झालं, सांगू? आजऱ्याचे एक काका आले होते. चारा कापायच्या कडबाकुट्टी यंत्रात कापलेल्या त्यांच्या बोटांच्या नसा आमच्याकडेच चार महिन्यांपूर्वी जोडल्या होत्या. बोटांना आता कळतंय का, हे मला तपासायचं होतं.

"डोळे मिटा, काका. टोचलं की सांगा."

"लागलं!"

पुन्हा टोचलं.

"लागलं की!"

आवाज जरा जास्तच मोठा होता. मला शंका आली, म्हणून मी टाचणी नुसती हवेत धरली.

"लागलं!"

"काका, आत्ता मी टोचलंच नाही हो."

त्यांनी डोळे उघडले आणि दाराच्या पडद्याकडे बघितलं.

"हळू बोला, सिस्टर. बायको भाईर बसलीया. त्या दिशी मशिनीचं बटण तिनंच चुकून दाबलं हुतं."