टाकीतलं दूध

(धुण्याचं मशीन टुणटुण वाजून थांबतं. कोणीच उठत नाही.)

बाबा : झालं बघ. वाळत घालू?

आई : आधी वास घे.

बाबा : ई! अगं, कोट धुतलाय की नासवलाय?

आई : परत लाव. सबंध प्रयोगशाळेला तोच वास मारतोय. 

बाबा : धरणाच्या छोट्या नमुन्याच्या टाकीत दूधपावडर टाकायची अक्कल कुणाची?

आई : सरांची! पाणी नितळ असलं की वरच्या कॅमेऱ्याला तळ दिसतो, लाट दिसतच नाही. म्हणून पांढरा रंग कालवायचा. तो वेळेत आला नाही. तर म्हणे, दूधपावडर चालते. आणि आठवडाभर तसंच ठेवलं पाणी.

बाबा : त्यापेक्षा खुणा केलेली पट्टी बुडवायची सरळ.

आई : उसळत्या पाण्यात पट्टी घातलीस की पट्टीपाशीच पाणी चढतं. मग मोजणार काय, पट्टी? न शिवता मोजायचं, त्यातच तर सगळी गंमत आहे.

बाबा : बरं बाई. टाकी धुतली ना? मग तोंड का असं?

आई : सर म्हणतात, सगळ्यात उंच उसळ्या म्हणजे नासक्या दुधाचा फेस. त्या मोजमापातून काढ आणि उद्या अहवालावर सही कर.

बाबा : असेलही फेस.

आई : पहिल्या दिवशी दूध ताजं होतं रे. फेसाचा मागमूस नव्हता. तरी पाणी तेवढंच उंच, भिंतीवरून पार पलीकडे. दाखवलं त्यांना. तर हसले! म्हणे, "सांडव्याची भिंत वाढवा म्हटलं, तर पुढचं काम कोण देईल आपल्याला?" शिसारी आली मला.

बाबा : नको करूस सही.

आई : मग दुसऱ्या कुणाकडून घेतील, आणि मी बसेन घरी. हे बघ लॅपटॉपवर, चित्रातून काढून पाहिल्या उसळ्या. किती सुंदर दिसतंय! त्याचीच जास्त किळस येते.

लेक : आई, मला बघू दे. सरक ना बाबा! ही माझी घरं ना? मी लाल छपरं रंगवून दिलेली?

आई : हो, पिल्लू. तुझेच ठोकळे. भिंतीच्या पलीकडे मांडलेत ना, तेच.

लेक : काल दाखवलंस तेव्हा त्यांच्यावर पाणी उडत होतं.

आई : हो.

लेक : तू पुसलंस?

आई : …हो.

लेक : मग आता माझी घरं भिजणार नाहीत ना, आई?