साडूच्या घड्याळाचा पट्टा

आमच्या रोह्याच्या साडूला पोरानं दुबईहून पाणबुडे वापरतात तसलं लाखाचं घड्याळ पाठवलं. बघितलं नि माझ्या पोटात दुखायलाच लागलं! त्याची स्टीलची साखळी हाताला ढिली व्हायची, म्हणून पट्टा निवडायला आमच्या पेणला आला, तो मलाच घेऊन दुकानात गेला.

दुकानदार म्हणाला, "पाण्यातलं घड्याळ हाय, रबरी घ्या."

मी म्हटलं, "छे! साहेब माणसाला चामड्याचाच शोभतो." मनात म्हटलं, आठवड्यावर गणपती आलेत. विसर्जनाला हा नदीत उतरला, की पट्ट्याची वाट लागलीच.

विसर्जनाला रोह्याला गेलो, तर हा काठावरच थांबला. "साडूभाऊ, मला पोहता येत नाय. तुम्हीच उतरा. आणि हे घाला, पाण्यात चालतं का बघू तरी!" स्वतःच्या हातानं माझ्या मनगटावर तो चामड्याचा पट्टा आवळलान.

काय सांगू, लाखाचं घड्याळ चढलं नि हात माझा वाटेचना! गणपती साडूच्या शेजाऱ्यानं बुडवला. मी छातीभर पाण्यात, डावा हात वर धरून उभा. तो पट्टा भिजवायला जीवच होईना.

काठावर बायको बहिणीला सांगत होती, "बघ गो, बाप्पाला निरोप देताना यांचा हातच खाली येत नाय!"