सात वारांच्या चौकटी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारचे आजोबा बराच वेळ मांडीवरच्या लॅपटॉपशी झटत होते. शेवटी त्यांनी पलीकडच्या अनोळखी मुलीला विचारलं.

"ताई, हे टेबल पानाबाहेर पळतंय. जरा बघता का?"

"कसलं आहे, काका?"

"आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटचं. कुठल्या वारी कोण कुलूप उघडणार, ते."

"रुंदी शंभर टक्के करा. हं, बसलं बघा. पण सातही वारांखाली एकच नाव आहे."

"माझंच. आधी सात जण होतो. मंगळवारवाले लेकीकडे राहायला गेले, शनिवारवाले वारले. बाकीचे असेच एकेक करत."

"मग खालच्या सातही चौकटी मर्ज करू या. नाव एकदाच, मधोमध. सुटसुटीत दिसेल."

"नको."

"अहो, सोपं असतं. सगळ्या निवडायच्या आणि इथे दाबायचं."

"येतं मला ते. परवा करून पाहिलं."

"मग?"

"वर सात वार आणि खाली एकच लांबलचक दिवस. बघवेना."

"बरं. मग मधल्या रेघा जरा ठळक करून देऊ?"

"द्या. चांगल्या ठळक द्या."