हीट पंपाला कुणी हात लावला?

...नाही, तुम्हीच सांगा, एकट्या म्हाताऱ्याला एवढं बिल येतं का हो? एकटा! मी, फिंटन गेराटी, एक चहाची किटली, एक रेडिओ, संध्याकाळी एक दिवा... आणि विजेचं बिल असं, की पोस्टमनने लिफाफा हातात दिला तो टोपी काढून! मयताच्या घरी येतात तसा!

बरं, कंपनीला फोन लावला. आधी अर्धा तास पिपाणी ऐकवली, मग एक पोरगी आली, आवाज मधासारखा. 'मिस्टर गेराटी, तुम्ही हीट पंपाचं तापमान वाढवता का हो?' म्हटलं, बाई, मी हात लावला नाही! 'मग घरात आणखी कुणी?' म्हटलं, आणखी कुणी असतं तर तुमची पिपाणी ऐकत बसलो असतो का मी?

हा हीट पंप म्हणजे काय, तर घरामागे जिथे माझा टर्फचा, दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या विटांचा, ढीग असायचा ना, तिथे आता एक पांढरं खोकं, पोटात पंखा, दिवसभर गुरगुरतंय. म्हणे बाहेरची हवा ओढतो आणि तिच्यातली ऊब काढून घर तापवतो! बाहेरची हवा! आमच्या मेयो परगण्यातली! तिच्यात कसली ऊब? ती बिचारी स्वतःच आत येऊन शेकायला टपलेली असते!

ही सगळी आमच्या लेकीची करणी. डेर्वलाची. नूला गेली, माझी बायको, तेव्हा ही मेलबर्नहून आली, महिना भरल्यावरच्या प्रार्थनेपर्यंत राहिली, आणि जाताजाता काय केलं? चूल बुजवली! 'डॅडी, टर्फची टोपली उचलताना एक दिवस पडाल, आणि मला कळेल चार दिवसांनी.' म्हटलं, अगं, मी आजवर पडलोय का? म्हणाली, 'आजवर आई होती.' बुजव म्हटलं.

आणि चूल गेली म्हणजे काय जातं, ठाऊक आहे? तोंड कुठे करून बसायचं तेच कळत नाही हो! सगळ्या खुर्च्या उगाच इकडेतिकडे बघत बसल्यात. भिंतीवर एक डबी, तिच्यात तापमानाचा एक आकडा. आकड्यासमोर बसून कुणी गप्पा मारल्यात का कधी?

नूलाची एक खोड होती. मी माणूस काटकसरी; अख्खा उन्हाळा पाठ मोडून टर्फ कापायचा मी, उलटायचा, वाळवायचा मी, तेव्हा एकेक वीट मोजून जाळणार. पण मी जरा गाय बघायला बाहेर गेलो की परत येतो तो चुलीत दोन विटा जास्त, जाळ हातभर! 'नूला, टाकल्यास?' 'मी? मी हात लावला नाही.' आणि बोटांना भुकटी, एप्रनला भुकटी, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा भुकटी! मी तणतणायचो आणि पाय मात्र जाळाकडे लांब करायचो. 'तुला गारठा सोसत नाही रे' असं बाईच्या तोंडून एकदा ऐकलं नाही मी. एकदाही नाही. जन्मभर नुसतं, मी हात लावला नाही... फार आठवते हो. जाऊ दे.

काय सांगत होतो? हां, आकडा! मी ठेवायचो अठरावर, आणि सकाळी नाश्ता होतोय तोवर चोवीस! रेडिओवर मयतांची नावं वाचतात ना, आपलं नाव नाही एवढी खात्री करून घ्यायला मी रोज ऐकतो, ती संपतात न संपतात तोच चोवीस! मी पुन्हा खाली करावं, तर हा दुपारच्या आत पुन्हा वर! घरात पाव भाजतील अशी धग! शेवटी खिडक्या उघडल्या. शेजारचा मॉसी आला, बरोबर कुत्रं आणि ओल्या मोज्यांची पिशवी. 'फिंटन, लेका, स्पेनला जायचे पैसे वाचले बघ!' म्हटलं, मॉसी, मी हात लावला नाही रे, हा आपोआप चढतो. तर मोजे पिळत म्हणतो, 'नूला करत असेल.' मी म्हटलं, मोजे घे आणि चालता हो! ...गेला नाही. कुत्रंही गेलं नाही.

मग कंपनीचा पोरगा आला, दाढी विंचरलेली. पंप उघडला, बंद केला, मोबाइल चोळला. 'आजोबा, पंप ठणठणीत आहे. रोज सकाळी कुणीतरी फोनवरून तापमान वाढवतंय.' म्हटलं, माझ्या फोनवरून घंटासुद्धा धड वाजत नाही! म्हणाला, 'तुमच्या नाही. इथे नाव दिसतंय... डेर्वला कोण?'

आता बघा, मेलबर्नला तेव्हा भर उन्हाळा! पोरगी कामावरून घरी येते, पंख्याखाली बसून घाम पुसते, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बापाला उकडतेय!

आमचा फोन रविवारी. आम्ही गेराटी लोक फोनवर फक्त हवामान बोलतो. 'काय हवा, डॅडी?' 'पाऊस. तिकडे?' 'ऊन.' 'बरं.' 'गारठत नाही ना?' 'छे!' आणि मग बाय, बाय, बाय-बाय-बाय, तेवढंच काय ते लांबतं. त्या रविवारी मी मुठी आवळून बसलो. म्हटलं, डेर्वला, तो पंप तू वर करतेस का गं? आणि मग...

'मी? मी हात लावला नाही.'

अहो, तोच आवाज! तोच हेल! मला फोनमधून तिच्या नाकावरची भुकटी दिसली हो! माझ्या तोंडातून शब्द निघाला तो कोणता? 'पाऊस आहे इकडे.' ती म्हणाली, 'हो का.' आणि बाय-बायच्या मध्ये कुठेतरी दोघांचंही नाक वाजलं.

सोमवारी चहा घेतला. मयतांची नावं ऐकली, माझं नव्हतं. उठलो, चोवीसचे सोळा केले, आणि खुर्ची ओढून त्या डबीसमोर बसलो. चुलीसमोर बसायचो तसा. सोळा... आता जेवली असेल ती... सोळा... भांडी घासत असेल... अजून सोळाच... पोरीने फोन हातात घेतला की नाही? आज विसरली का?... एकोणीस! बावीस! चोवीस! आणि मागे पंप गुरगुरला, आणि मी, हसू नका, भिंतीला म्हटलं, 'हो गं हो, उठलोय.'

तेव्हापासून रोज.

परवा ती मधाच्या आवाजाची पोरगी आपणहून फोनवर. 'मिस्टर गेराटी, बिल आणखी वाढलंय हो! रोज सकाळी कुणीतरी तापमान पाडतं, मग ते चढवलं जातं. पंपाला कुणी हात लावतंय का?'

एक बोट माझं तेव्हा डबीवरच होतं. खिडक्या सताड, मॉसीचे मोजे वाळतायत, कुत्रं घोरतंय.

'मी?' म्हटलं. 'मी हात लावला नाही. तुम्ही आपलं बिल पाठवा.'