राखणदाराच्या पाठीवरचा बाण

...एकशे तेरा! नुसतं एकशे तेरा! मी म्हणतो, अहो, माणसं मोजलीत ना? दारोदार फिरून मोजलीत ना? मग नाव लिहायला काय शाई संपत होती? पण नाही! पुरुष एकशे तेरा, बायका एकशे नऊ, घरं एक्केचाळीस, खेळ खलास!

तुम्हाला सांगतो, मी बदलापूर गावातला साधा माणूस, अंबरनाथच्या केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं काढली, रिटायर झालो, म्हटलं आता निवांत बसू... कसलं निवांत! घरात आमचे बाबा. बाळाजी. वय शहाऐंशी. पायातलं बळ गेलेलं आणि ते सगळं जिभेत उतरलेलं. एके सकाळी पेजेची वाटी बाजूला सारली आणि म्हणतात, "महेश, ती जागा बराबर हाय ना रं?"

आता ही जागा कुठली, ते ऐका. आमचं मूळ गाव बदलापूर नाही, चिंचटेंभ. मोबाइलवर शोधू नका, नाहीये! आज उल्हासनगरचा कॅम्प एक आहे ना, तिथेच कुठेतरी होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गोऱ्या साहेबाची मिलिटरी आली, छावणी टाकायची म्हणाली, गाव उठलं. माझा आजा गोमा, डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर चार वर्षांचे बाबा, असा चालत बदलापुरात आला. लढाई संपली, गोरे गेले, तसा आजा बघायला परत गेला. बघतो तर घर नाही, विहीर नाही, बांध नाही, जिकडे बघावं तिकडे बराकी! आणि कडेला एक दगड उभा. एकटाच. आज्यानं त्याला मिठीच मारली. राखणदार! म्हणजे कोण, तर शेताच्या बांधावरचा देव. पेरणीआधी त्याला कोंबडा-नारळ द्यायचा, हात जोडायचे, की तो वर्षभर शेत सांभाळणार. सगळं गेलं पण देव हलला नाही! आणि चमत्कार म्हणजे त्याच्या पाठीवर बाण उमटलेला. आधी नव्हता हो! आजा म्हणाला, "देव कोपला, बाण उमाटला."

झालं! तेव्हापासून दर साल पेरणीच्या आधी बदलापुरातून निघायचं आणि कॅम्प एकमध्ये जाऊन राखण द्यायची. आजा गेला, मग बाबा जायचे, बाबा थकले, मग मी. शेत कुठाय? शेत नाहीच! पण राखण चालू.

आणि आता, शहाऐंशीव्या वर्षी, या माणसाला शंका! "माझा बा तवा निसता रडत व्हता रं, रडत्या डोल्यांना काय दिसतंय? दुसराच दगड असंल तर? आपला देव ऐंशी वरसं उपाशी बसला असंल तर?" म्हटलं, बाबा, झोपा. झोपतात कसले! "घर कुठं व्हता तेवढा शोध. घर घावला का दगड बी कलंल. डोला मिटायच्या आधी सांग." आणि मग रोज, मी चप्पल काढायचा अवकाश, आतून आवाज, "घावला का रं?"

म्हटलं खानेसुमारीत, म्हणजे जुन्या जनगणनेत बघू. लायब्ररीत गेलो, एवढं जाड पुस्तक, धुळीनं सात शिंका. बोट खाली सरकवत आणलं आणि... चिंचटेंभ! मी ओरडलोच! लायब्ररीतल्या बाई, "ओ काका, शूऽऽ!" अहो बाई, माझं गाव सापडलं! "गाव सापडलं तरी हळू सापडू द्या ना." आणि पुढे काय, तर तुमचं ते एकशे तेरा. त्या एकशे तेरात एक माझा आजा. एक आमचे बाबा, तेव्हा तीन वर्षांचे, बहुतेक एकशे तेरावे तेच असणार, शेंबूड पुसत उभे. मग दहा वर्षांनंतरचं पुस्तक काढलं. वरचं गाव आहे, खालचं गाव आहे, मधली ओळच नाही! माणसं मेली नव्हती हो, बदलापुरात दुसऱ्याच्या शेतात राबत होती. नुसतं 'पुरुष शून्य' तरी लिहायचं! शून्याला सुद्धा एक ओळ लागते, तेवढीही आम्हाला दिली नाही. वाईट वाटलं, खरं सांगतो. बसून राहिलो तिथेच.

घरी आलो. "घावला का रं?" म्हटलं, बाबा, तुम्ही घावलात, एकशे तेरात एक. "मंग घर?"

मग नकाशे. त्या ऑफिसात खिडकीमागचे साहेब विचारतात, "गाव?" चिंचटेंभ. "असं गावच नाही." साहेब, नाही म्हणूनच तर आलोय! "गाव नाही तर नकाशा कसा देणार?" अहो, नकाशा मिळाला तर गाव कळेल ना! "मग आधी गाव शोधून या." चार खेपा! पाचव्या खेपेला त्यांनाच माझी दया आली असावी, दोन कागद काढून दिले, एक गावाचा जुना नकाशा, एक छावणीचा. आमची कीर्ती, माझी मुलगी, तिनं मोबाइलवर एकावर एक चढवले. म्हणते, "पप्पा, रेल्वे लाइन आणि वालधुनी नदी जुळवली ना, की बाकीचं आपोआप बसतं." आणि बसलं हो! विहिरीला लागून असलेलं आमचं घर कुठे आलं माहितीये? सात मजली बिल्डिंगच्या लिफ्टवर! गेलो बघायला. वॉचमन उठला. "किसके घर जाना है?" आता काय सांगू? म्हटलं, मेरेच. "कौनसा माला?" म्हटलं, माला नहीं था भाई, चूल थी. त्यानं मला गेटच्या बाहेर काढलं. दुसऱ्यांदा! पहिल्यांदा मिलिटरीनं, दुसऱ्यांदा यानं.

पण खरं दुखणं पुढेच आहे. आमचा दगड बघितला, तर घरापासून, शेतापासून, कुठल्या कुठे लांब! आणि छावणीच्या नकाशात कडेकडेनं सगळीकडे छोटे छोटे बाण. प्रत्येक बाणाला नंबर, आमच्या दगडाच्या जागी सतरा. पुन्हा त्या साहेबांकडे. ते म्हणतात, "काका, ही मिलिटरीच्या हद्दीची खूण. प्रत्येक दगडावर बाण कोरायचे. म्हणजे, याच्या आत गाववाल्यानं पाऊल टाकायचं नाही." माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

तडक कॅम्प एक. टेकचंदच्या कापडाच्या दुकानाला लागून तो दगड, त्यानंच टाइल्स लावल्यात, रोज अगरबत्ती लावतो. मी मागे हात घातला, शेंदूर खरवडला. बाण. खाली एक, सात. नंबर सतरा! टेकचंद म्हणतो, "क्या हुआ साईं, हर साल पैर पकड़ते हो, आज पीठ?" सगळं सांगितलं. त्यानं हातातली मापाची पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "हमारे दादा सिंध से आके इसी बैरक में उतरे. देखा, एक आदमी पत्थर पकड़ के रो रहा है. दादा बोले, जिसको पकड़ के आदमी इतना रोता है, वो भगवान ही होगा. दूसरे दिन से अगरबत्ती चालू." टाइल्सवरची राख हातानं पुसली. "साईं... हमारे उधर के गाँव का नक्शा तो तुम्हारे ऑफिस में नहीं मिलेगा ना?" चहा पाजला त्यानं. दोघांनी प्यायला.

घरी आलो. चप्पल काढली. "घावला का रं?"

आता तुम्हीच सांगा, काय सांगायचं होतं मी? की बाबा, तुमचा देव कधीच गेला, आणि ज्या दगडानं आपल्याला हाकललं, त्यालाच आपण ऐंशी वर्षं कोंबडे कापतोय?

म्हटलं, घावला बाबा.

"दगड आपलाच?"

मी चपला सरळ करत बसलो. तर तेच म्हणाले, "बाण हाय ना पाठीवर?"

हाय, बाबा. आताच हात लावून आलो.

"मंग झाला." आणि महिन्याभरानं पहिल्यांदा पेजेची वाटी पुरी संपवली. दहाव्या दिवशी गेले. झोपेतच. मी खोटं बोललो का? बाण होता की! अजून चप्पल काढताना क्षणभर थांबतो मी. आतून आवाज येत नाही.

यंदा पेरणीआधी नारळ पिशवीत घातला, तर आमची ही, संजीवनी, म्हणते, "अहो, सगळं कळलंय ना आता? मग कशाला जाता?" खरंय तिचं. पण गेलो. दुसरी खूण कुठाय आमच्या गावाची? नारळ फोडला, हात जोडले, आणि सवयीनं तोंडातून गेलंच, "देवा, आमच्या जमिनीची राखण कर."

आणि करतोय हो तो, इमानदारीत करतोय! ऐंशी वर्षं झाली, आम्हाला सुद्धा आत पाऊल टाकू दिलं नाही!