पावलांच्या आवाजावरनं

पिक्चर सुटला. कळंब्याच्या बसथांब्यावर माझ्यापुढं एक नवरा-बायको उभे होते.

"पिक्चरमधल्या त्या पोरीनं खून डोळ्यांदेखत बघितला, पण कुणाचं तोंडच वळखू येत न्हाय बिचारीला."

"तरी धरला की खुनी तिनं, पावलांच्या आवाजावरनं!"

"तुमीबी वळखलासा की. थेटरच्या अंधारात, मान न वळवता. 'क्रांतीवैनी, तुमी हितं?'"

"अगं, शेजारीण हाय. चपला करकरत्यात तिच्या."

"एवढ्या मारामारीच्या आवाजात ऐकू आल्या?"

"आल्या, त्याला मी काय करू? रोज जिन्यावरनं जाती. कानात बसलाय आवाज."

"बरा बसलाय! आन् माझ्या चपला कशा वाजत्यात?"

"तुझ्या? तुझ्या... बारीक वाजत्यात. चटक चटक."

"कवा ऐकलासा?"

"आत्ताच की, थेटरातनं येताना. म्होरं तू, मागं मी."

"जरा खाली बघा."

त्यानं बघितलं. मीही बघितलं.

"नवरात्र बसल्यापासनं अनवाणी हिंडतीय मी. तुमी दवाखान्यात हुतासा, तवा अंबाबाईला बोललेला नवस हाय त्यो."