शंभर वर्षांची गोधडी

— शंभर वर्षं? कोण म्हणतं? नाही हो बाई, किनार लावून देते ना, संग्रहालयात टांगायची म्हणजे कडा धड हव्यातच — पण ती चिठ्ठी पुन्हा वाचा बघू. ‘आजीने शिवलेली.’ कुणाच्या? ही तुम्हाला देणाऱ्या माझ्या जावेच्या? अहो, तिच्या आजीला साधं बटण लावता येत नव्हतं! बसा. ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या.

हे बघा. पूर्वी गोधडी म्हणजे नुसते सरळ धावदोरे, थंडीपुरतं भागलं की झालं. मग बायका चौकटीत चौकट घालायला लागल्या, मग कापडाची फुलं कातरून लावायला, मग आलं मशीन आणि हाताला कुणी विचारेना. आणि विरलेली टाकायची नाही — नवीच्या पोटात घालायची. हिच्या पोटात सासूबाईंची आहे, त्यांच्या सासूची आहे. पण वरची? टाका बघा, उलटा कललाय. डावखुरा हात! घरात डावखुरी मी एकटी. एक बाजू शिवून बंद करायची राहिली होती, तर जाऊबाईंनी पाहुण्यांसमोर पसरली — म्हणे, ‘मी शिवली.’ मी तिथंच चहा देत होते! आता म्हणे आजीनं. तुम्हाला जुनं हवं ना, म्हणून.

त्याच आठवड्यात तिची लग्नातली जांभळी रेशमी शाल गेली. आळ कुणावर? माझ्यावर! सासूबाईंनी माझी पेटी अंगणात उपसली, शेजारीपाजारी बघताहेत. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली मी — तरी बावीस वर्षं चोर ती चोरच. लेकीनं तेवढा विश्वास ठेवला, अजून भांडते माझ्यासाठी. आणि सापडणार कशी शाल? ती बया बावीस थंड्या तीच पांघरून झोपतेय, वरून हात फिरवते आणि म्हणते, काय ऊब आहे —

...काय लिहून घेताय?

हो. मीच शिवली शाल आत. या कोपऱ्याशी तिचं टोक आहे. शंभर वर्षांच्या गोधडीत तुझ्या लग्नातली शाल कशी आली, विचारा तिला! चारचौघांत विचारा. — कळतंय हो, मीही चोर ठरते. लेकीला काय तोंड दाखवू... जाऊ दे. चोर तर आहेच मी, निदान शिवणारी तरी म्हणा.

कात्री द्या. तुम्ही नका, माझी गाठ आहे, मीच तोडते. हे बघा — जांभळं.

दिसलं ना? मग निघा आता. दार ओढून घ्या.